कानाने घडवलेली लिपी: वुक काराजिच

१८१८ साली व्हिएन्नात सर्बियन भाषेचा एक शब्दकोश छापून निघाला. शब्द २६,२७०, आणि त्यांचे अर्थ जर्मन व लॅटिनमधून. कोशकार वुक स्टेफानोविच काराजिच हा १७८७ मध्ये पश्चिम सर्बियातल्या त्रशिच नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. शाळा जेमतेम. १८०४ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लिहिता-वाचता येतं म्हणून त्याला कारकुनी मिळाली. पुढे आजारपणात एक पाय कायमचा अधू झाला. १८१३ मध्ये उठाव चिरडला गेला आणि तो व्हिएन्नाला निसटला.

तिथे त्याला येर्नेय कोपितार भेटला. हा स्लोव्हेन भाषापंडित स्लाव्ह पुस्तकांचा सरकारी सेन्सॉर होता. गावाकडची बोली, गाणी, म्हणी या माणसाच्या तोंडपाठ आहेत, हे त्याने ओळखलं आणि त्याला व्याकरणाकडे, कोशाकडे वळवलं.

शिकलेले सर्ब तेव्हा जी भाषा लिहीत, ती कुणीच घरात बोलत नसे. चर्चची रशियन वळणाची जुनी स्लाव्होनिक आणि रोजची बोली यांची ती सरमिसळ होती. ज्या सिरिलिक लिपीत ते लिहीत, तिची अवस्था त्याहून वाईट. काही अक्षरांचे आवाज भाषेतून कधीच नाहीसे झाले होते, तर काही जिवंत आवाजांना अक्षरच नव्हतं. ‘जसं बोलता तसं लिहा’ हे तत्त्व मूळचं जर्मन पंडित आडेलुंगचं. सावा म्र्काल्यने १८१० मध्येच ते सर्बियनला लावून दाखवलं होतं, पण धर्मगुरूंच्या रोषापुढे त्याला आपलं मत जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. वुकचं कौतुक करताना म्र्काल्यचं नाव गाळलं जातं, ते जाऊ नये.

वुकने निरुपयोगी अक्षरं काढून टाकली. मृदू ल (‘ल्य’) आणि मृदू न (‘न्य’) यांच्यासाठी जुन्या अक्षरांना मृदुचिन्ह, म्हणजे मऊ उच्चार दाखवणारी खूण, जोडून नवी अक्षरं केली. एक अक्षर कवी लुकियान मुशित्स्कीने आखून दिलं. ‘य’च्या आवाजासाठी मात्र त्याने थेट लॅटिन लिपीतलं ‘जे’ उचललं आणि वादळ उठलं. लॅटिन लिपी कॅथलिकांची, म्हणून ऑर्थोडॉक्स चर्चला त्यात कॅथलिकांचा शिरकाव दिसला. १८३२ मध्ये खुद्द सर्बियात तिथला शासक मिलोश ओब्रेनोविचने या लेखनपद्धतीवर बंदी घातली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ‘ह’ची गोष्ट. त्रशिचच्या बोलीत हा आवाज नव्हता. ‘हल्येब’, म्हणजे पाव, तिथे नुसता ‘ल्येब’ होता. त्यामुळे वुकने सुरुवातीला ‘ह’ला लेखनात जागाच दिली नाही. १८३४-३५ मध्ये तो माँटेनिग्रो, दुब्रोव्हनिक या भागांत फिरला. तिथे लोक ‘ह’ स्पष्ट उच्चारत होते. १८३६ मध्ये त्याचा म्हणींचा संग्रह आला, तो ‘ह’ घेऊनच. आपल्या गावची बोली म्हणजे सगळी भाषा नव्हे, हे कानाने पटल्यावर त्याने नियम बदलला. शास्त्रज्ञ म्हणून तो मोठा ठरतो तो इथे.

लोकगीतं गोळा करतानाही हाच कान कामी आला. पूर्वी बंडखोर असलेला तेशान पोद्रुगोविच, अंध गायक फिलिप विश्न्यिच यांच्या तोंडून त्याने वीरगीतं उतरवून घेतली. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२४ मध्ये वुकचं छोटं व्याकरण जर्मनमध्ये आणलं, जर्मन कवी ग्योथेनेही या गीतांना दाद दिली. त्याची सगळीच मतं मात्र टिकली नाहीत. श्टोकावियन ही सर्बांइतकीच अनेक क्रोएट आणि बोस्नियन लोकांचीही बोली; ती बोलणारे सगळे सर्बच, हा त्याचा दावा आजही वादाचा आहे.

१८४७ मध्ये पारडं फिरलं. वुकचा बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद आणि त्याचा तरुण पाठीराखा जुरा दानिचिच याचं लेखनपद्धतीच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक एकाच वर्षी आलं. सर्बियाने ही ३० अक्षरांची लिपी अधिकृत केली ती १८६८ मध्ये. वुक १८६४ मध्येच व्हिएन्नात वारला होता.

या लिपीतही एक गोष्ट लिहिली जात नाही. सर्बियनमध्ये स्वराची लांबी आणि सुराचा चढउतार यांनी अर्थ बदलतो. ‘ग्राद’ लांबवून म्हटलं तर शहर, आखूड म्हटलं तर गारा. आपल्याकडे ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले ‘ज’ वेगळे, पण अक्षर एकच, तसंच हे. वुकने कोशात शब्दांवर आघातचिन्हं दिली होती आणि दानिचिचने पुढे चार आघातांची नीट मांडणी केली. ही चिन्हं कोशात आणि व्याकरणातच राहिली. वर्तमानपत्रात ‘ग्राद’ आला, की शहर की गारा हे वाचणारा वाक्यावरून ठरवतो.