फर्मवेअर लोडिंग, संगणक बंद होतानाचे

लिनक्स कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, मागितलेले फर्मवेअर (उपकरणात भरायचा प्रोग्राम) यंत्रणा बंद किंवा रीबूट होत असताना हाती आले नसेल, तर त्या मागणीचे काय करायचे, याविषयीची व्यवस्था आणि तीत सुचवलेल्या बदलांचे परीक्षण.

फर्मवेअर मागण्याची सामाईक सोय कर्नलच्या २.६ मालिकेच्या सुमारास, बहुधा २००३ मध्ये आली. तेव्हा फाइल पुरवण्याचे काम यूडेव्हसारख्या कर्नलबाहेरील प्रोग्रामकडे असे. २०१२ मध्ये ड्रायव्हर सुरू होतानाच अडकून पडू लागले, तेव्हा दोष ड्रायव्हरांचा की यूडेव्हचा यावर वाद झाला. दोष यूडेव्हचा, हे लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण चालत असलेली गोष्ट त्यातील बदलामुळे मोडली होती. आवृत्ती ३.७ पासून कर्नल फाइल स्वतःच वाचतो. जुना मार्ग पर्यायी म्हणून टिकून आहे. अँड्रॉइडमध्ये ते काम यूइव्हेंटडी हा प्रोग्राम करतो.

अडचण या पर्यायी मार्गातच आहे. त्यात वाट पाहण्याची नेहमीची मुदत ६० सेकंद असून तेवढा वेळ मागणारा ड्रायव्हर एक रीड-लॉक (अनेकांना एकाच वेळी धरता येणारा लॉक) धरून बसतो. बंद होण्याच्या तयारीत कर्नलला त्याच लॉकवर राइट-लॉक (इतरांनी सोडल्याशिवाय न मिळणारा) लागतो आणि सगळे रीबूट तिथे खोळंबते. २०१३ मधील दुरुस्तीनुसार रीबूटची सूचना मिळताच यादीतील प्रलंबित मागण्या रद्द होतात. तरीही एक फट राहिली होती: मागण्या रद्द झाल्यावर क्षणभराने दुसऱ्या प्रोसेसने नवी मागणी केली, तर ती यादीत शिरे आणि पुन्हा ६० सेकंद जात. साधारणतः २०२३ च्या अखेरीस मांडलेल्या पॅचने (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाने) यासाठी एक खूण ठेवली. ती दिसली की नवी मागणी ‘-ईइंटर’ (काम मध्येच थांबवले गेले) ही त्रुटी देऊन परतते.

परीक्षकाने येथे मुख्यतः यादीचे रक्षण करणारा लॉक पाहावा; वरचा रीड-राइट लॉक वेगळा. खूण लावणे व यादी रिकामी करणे एकाच लॉकखाली, आणि खूण तपासणे व यादीत भर घालणे त्याच लॉकखाली असेल, तरच फट बुजते. तपासणी लॉकबाहेर केली, तर फट केवळ अरुंद होते. खूण आधी लावली की यादी आधी रिकामी केली, याने मात्र फरक पडत नाही. दुसरा प्रश्न निद्रावस्थेचा: रद्द करण्याचे फंक्शन तेव्हाही वापरले जाते, परंतु यंत्रणा जागी झाल्यावर येणाऱ्या मागण्या रास्त असल्यामुळे त्या प्रसंगी खूण लावून चालत नाही. म्हणून फंक्शनला दिलेल्या ‘सर्व रद्द करा’ या खऱ्या-खोट्या मूल्यावरच खूण लावणे अवलंबून ठेवले आहे.