सोलापूरचा पाऊस पूर्वेकडून येतो

जूनमध्ये कोकणात धो-धो सुरू झालं की सोलापुरात सगळ्यांची नजर पश्चिमेला लागते. माझ्या मते आपला अंदाज इथेच फसतो. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिकामं करतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आपल्याकडे सातशे-साडेसातशे. घाट उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. म्हणून जुलैत दिवसभर डोक्यावरून ढग पळतात आणि अंगणही भिजत नाही.

वळवाचं गणित वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा आणि वायव्येकडची कोरडी हवा यांची गाठ दख्खनवर पडते आणि तिथे तापलेली हवा जोरात वर चढते. दुपारी तीननंतर गच्चीवरून अक्कलकोट-नळदुर्गच्या दिशेला बघत राहा. ढगाचा माथा फुलकोबीसारखा गच्च आणि कडा रेखीव असतील, तर तो अजून वाढतोय. कडा विस्कटून तंतू सुटले की समजावं, माथ्यावर पाण्याचा बर्फ झालाय. मग माथा सपाट पसरतो, त्याला ऐरण म्हणतात.

ही ऐरण कुठे सरकते ते जरूर बघा. एप्रिलमध्ये ती पूर्वेकडे ओढली जाते, कारण तेव्हा उंचावर पश्चिमेचे वारे असतात. ऑगस्टमध्ये पश्चिमेकडे, कारण बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान झोत वाहत असतो. एका ढगावरून अख्ख्या उपखंडावरच्या वाऱ्यांचा हंगाम ओळखता येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पावसाआधी धुळीचा लोट का येतो? ढगाखालची हवा कोरडी असल्याने बरेच थेंब वाटेतच सुकतात. त्यांची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, गार झालेली जड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. पत्रे उडतात ते याच वाऱ्याने. पुष्कळदा एवढंच होतं, पाऊस चार थेंब. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण मोजायचं ते घरात बसून. गडगडाट ऐकू आला की गच्ची सोडायची.

आपला खरा भरवसा सप्टेंबरवर, कारण सोलापुरात सर्वाधिक पाऊस याच महिन्यात पडतो. पश्चिमेचे वारे मंदावतात, आणि एरवी ओडिशातून मध्य प्रदेशाकडे जाणारी कमी दाबाची क्षेत्रं थोडी दक्षिणेकडून येऊ लागतात. उत्तरा-हस्ताच्या या पाण्याने काळ्या रानात ओल धरते, आणि तिच्यावरच मंगळवेढ्याची ज्वारी उभी राहते.

ही वाट कधी जीवघेणीही ठरते. १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी काकीनाडाजवळ अति तीव्र कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवर आलं. त्याच दिवशी हैदराबाद बुडालं, १४ तारखेला सोलापूर जिल्हा झोडपला गेला आणि पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला. काकीनाडा इथून साडेसहाशे किलोमीटरहून लांब, म्हणजे हाताशी जवळपास एक दिवस होता. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं दिवसभर येत असतात. ऑक्टोबरात त्यात आंध्रच्या किनाऱ्यावर ढगांचा मोठा पुंजका दिसला, तर काढून ठेवलेलं सोयाबीन त्याच दिवशी झाकून घ्या.