प्रॉव्हिडन्सचे पहिले बॅप्टिस्ट चर्च: साठ वर्षे बिनइमारतीची मंडळी

बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ; त्याच्या अमेरिकेतल्या सर्वात जुन्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाला, पहिली साठ-बासष्ट वर्षे स्वतःची इमारत नव्हती. पैसा नव्हता हे एक कारण होतेच, पण तशी गरजही कुणाला फारशी वाटत नव्हती. उपासना कुणाच्या तरी घरात व्हायची, हवा बरी असली तर झाडाखाली. याच मंडळीने १७७५ मध्ये १८५ फूट उंच मनोऱ्याचे, १,२०० माणसे बसतील असे लाकडी मीटिंग हाउस उभारले. तेव्हा ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सची वस्ती होती अवघी ४,३२१. एवढ्या गावाला एवढे चर्च कशाला हवे होते, याचे उत्तर धर्मात कमी आणि गावाच्या व्यवहारात जास्त सापडते.

सुरुवात रॉजर विल्यम्सपासून. धर्माच्या बाबतीत सरकारने जबरदस्ती करू नये, असे म्हणणाऱ्या या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्सने १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली. पुढच्या वर्षी त्याने नॅरागॅन्सेट या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवले. १६३८ च्या सुमारास तो आणि त्याचे काही सोबती या निष्कर्षाला आले की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिलेली ख्रिस्ती दीक्षा, खरा नव्हे. माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने तो घ्यावा. पण आधी देणार कोण? एझेकिएल हॉलिमनने विल्यम्सला बाप्तिस्मा दिला आणि मग विल्यम्सने हॉलिमनला व इतर दहा-बारा जणांना. गंमत अशी की काही महिन्यांतच विल्यम्सला या बाप्तिस्म्याबद्दलही शंका आली आणि तो मंडळी सोडून गेला. संस्थापक गेला तरी मंडळी टिकली. पगारी पाळक ठेवायचा नाही, हा तिचा बाणा होता.

पहिली छोटी इमारत १७०० मध्ये पार्डन टिलिंगहास्ट या पाळकाने स्वखर्चाने बांधली आणि अकरा वर्षांनी मंडळीच्या नावे करून दिली. १७२६ मध्ये दुसरी झाली, थोडी मोठी. दोन्ही इमारती साध्याच होत्या, मनोरा नाही की घंटा नाही.

चित्र पालटले ते कॉलेजमुळे. बॅप्टिस्टांच्या पुढाकाराने १७६४ मध्ये स्थापन झालेले ऱ्होड आयलंड कॉलेज १७७० मध्ये वॉरन या गावाहून प्रॉव्हिडन्सला आले आणि सोबत आले त्याचे अध्यक्ष जेम्स मॅनिंग. लवकरच ते मंडळीचे पाळकही झाले. जुन्या वळणाच्या लोकांना हे मानवले नाही. उपासनेत गाणी म्हणावीत का, नव्या सभासदाच्या डोक्यावर हात ठेवण्याचा विधी सक्तीचा असावा का, यावरून खटके उडाले आणि जुने पाळक सॅम्युएल विन्झर आपला गट घेऊन बाहेर पडले. उरले ते शिकलेले, पैसेवाले, गावात वजन असलेले लोक. कॉलेजला पदवीदान समारंभासाठी मोठी जागा हवी होती. म्हणून नव्या इमारतीचा हेतूच जोडीने ठरला: सर्वसमर्थ देवाची सार्वजनिक उपासना आणि पदवीदान.

पैसे उभे केले लॉटरीतून! वसाहतीच्या विधिमंडळाने २,००० पौंडांच्या सोडतीला परवानगी दिली. पुढच्या काळातल्या बॅप्टिस्टांनी जुगाराविरुद्ध जेवढे रान उठवले, ते पाहता हा तपशील मजेदार वाटतो.

आराखडा केला जोसेफ ब्राउनने. हा व्यापारी, हौशी खगोलनिरीक्षक. १७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण त्याने प्रॉव्हिडन्समधून पाहिले होते. मनोऱ्यासाठी त्याने लंडनचा वास्तुविशारद जेम्स गिब्ज याचे नमुन्यांचे पुस्तक उघडले. त्यात गिब्जने सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या लंडनच्या चर्चसाठी काढलेले, पण न वापरलेले पर्यायही छापले होते. त्यातला एक ब्राउनने उचलला. ज्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या, थाटापासून हे लोक दूर पळाले, त्याच थाटाचा मनोरा त्यांच्या डोक्यावर आला. इंग्लंडमध्ये मनोरा आणि घंटा हा राजमान्य चर्चचा मान समजला जाई. इथे तो मुद्दाम मिरवला गेला. लंडनहून आणलेल्या घंटेवर कवितेच्या ओळीच कोरलेल्या होत्या: हे गाव सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी वसले, इथे बळ नव्हे तर समजूत वापरली गेली. सभ्य भाषेतला टोमणाच तो.

मग नशिबानेही हात दिला. बॉस्टनमध्ये चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी जून १७७४ पासून ते बंदर बंद केले. तिथले जहाजबांधणीचे सुतार बेकार झाले आणि कामाच्या शोधात प्रॉव्हिडन्सला आले. मोठ्या लाकडी सांगाड्यांचे जोड हा त्यांचा रोजचा धंदा. मनोऱ्याचे टप्पे त्यांनी आतच तयार केले आणि दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकातून एक वर सरकवत साडेतीन दिवसांत पूर्ण मनोरा उभा केला. ही गोष्ट जून १७७५ ची. इमारतीचे समर्पण २८ मे रोजीच झाले होते. लेक्सिंग्टनला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटून तेव्हा जेमतेम सहा आठवडे होत होते. १८१५ आणि १९३८ च्या भयंकर वादळांतही हा मनोरा पडला नाही.

पण घंटेवरचे स्वातंत्र्य सगळ्यांसाठी नव्हते. जोसेफसह चारही ब्राउन बंधूंच्या पेढीने १७६४ मध्ये ‘सॅली’ हे जहाज गुलाम आणायला आफ्रिकेला धाडले होते. पेढीने मिळवलेल्या १९६ माणसांपैकी किमान १०९ दगावली. मीटिंग हाउसमध्येही गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांना वरची वेगळी गॅलरी होती. त्यांनी १८१९ मध्ये स्वतःचे प्रार्थनागृह उभारायचे ठरवले. या भावांपैकीच एक, तोवर क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेलेला आणि गुलामगिरीचा विरोधक बनलेला मोझेस ब्राउन याने त्यासाठी जागा दिली. १७९२ पासून सभागृहात लटकणाऱ्या वॉटरफर्डच्या काचेच्या झुंबराकडे पाहताना हेही ध्यानात ठेवावे. तेसुद्धा ब्राउन घराण्याचीच देणगी आहे.

मराठी वाचकाला जवळचा एक धागा याच इमारतीतून निघतो. १८०७ च्या इथल्या पदवीदानात पहिला आलेला अ‍ॅडोनिराम जडसन १८१२ मध्ये मिशनरी म्हणून भारताकडे निघाला. तेव्हा तो बॅप्टिस्ट नव्हता. जहाजावर ग्रंथ चाळता चाळता त्याचे मत फिरले, कलकत्त्यात त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो ब्रह्मदेशात गेला. मिशनऱ्यांच्या त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मूळ पंथातच राहिले. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले.

इमारतीत फेरफार होत गेले. १८३० च्या दशकात जुनी चौकोनी बाके काढून लांब बाके बसवली, ऑर्गन आला. १९५७-५८ मध्ये ब्राउन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून मोठी डागडुजी झाली. कॉलेजचे नाव १८०४ मध्येच ब्राउन विद्यापीठ झाले होते. आजही पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थ्यांची मिरवणूक टेकडी उतरून या चर्चमध्ये येते. आता १,२०० जागा पुरत नाहीत, त्यामुळे आईवडिलांना सोहळा बाहेर पडद्यावर पाहावा लागतो.