परिवहनक्षम अतिस्थिर लेसर

गाडीतला प्रवास आणि धक्के सोसूनही आपली वारंवारता जवळजवळ अचल ठेवणारा लेसर. प्रकाशीय अणुघड्याळ, म्हणजे अणूंना लेसरच्या प्रकाशाने चाचपून वेळ मोजणारे घड्याळ, प्रयोगशाळेबाहेर न्यायचे, तर आधी हा लेसर प्रवासाजोगा करावा लागतो.

अशा लेसरची वारंवारता समोरासमोरच्या दोन आरशांमधील पोकळीच्या लांबीशी जखडलेली असते. लांबी बदलली की वारंवारताही सरकते. १० सेंमी लांबीच्या पोकळीत हजार लाख कोटींत एक भाग इतकी स्थिरता हवी, तर आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या एक दशांशानेही हलून चालत नाही. म्हणून दोन आरशांना धरून ठेवणारा मधला ठोकळा टायटॅनियममिश्रित सिलिका काचेचा घेतात. खोलीच्या तापमानाच्या आसपास ही काच जवळपास प्रसरण पावतच नाही. ठोकळा निर्वात कक्षात असतो.

खरी अडचण तो धरायचा कसा, ही. प्रयोगशाळेत ठोकळा मऊ आधारांवर नुसता टेकवला तरी भागते. रस्त्यावर तो पहिल्याच खड्ड्यात जागचा हलेल. घट्ट आवळला, तर आवळण्यानेच काच दबते. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून २०११ मध्ये पुढे आलेला तोडगा फार देखणा आहे. ५ सेंमी बाजूचा घन घ्यायचा, त्याचे कोपरे छाटायचे आणि एकाआड एक अशा चार कोपऱ्यांवर तो पकडायचा. दाबल्यावर आरसे जवळ येणार की लांब जाणार, हे कोपरे किती खोल छाटले यावर ठरते. छाट एका नेमक्या मापाची असली, तर आरसे जागचे हलतच नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत गोल ठोकळ्यावर बांधलेला लेसर धावत्या मोटारीत तपासला गेला.

पोकळी आखूड ठेवली की मजबुती मिळते, पण आरशांच्या औष्णिक थरथरीचा वाटा वाढतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला ४८ सेंमीची पोकळी आहे. तिची स्थिरता इवल्या घनाला गाठता येत नाही.

तिथल्याच पीटीबी या जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने स्ट्राँशियम अणूंवर चालणारे घड्याळ ट्रेलरमध्ये बसवून २०१६ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या मोदान येथील भूमिगत प्रयोगशाळेत नेले आणि सुमारे १००० मीटर खालच्या इटलीतल्या तोरिनोतील घड्याळाशी ताडले. उंचीवरचे घड्याळ किंचित जलद चालते, त्यामुळे वेगातल्या फरकावरून उंची काढता येते. ती मोजणीत सुमारे १८ मीटरच्या अनिश्चिततेने आली. जपानमधल्या टोकियो स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि ४५० मीटर वर ठेवलेल्या दोन परिवहनक्षम घड्याळांनी, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, हीच अनिश्चितता काही सेंटिमीटरवर आणली.