थंडीत आधी कोण जेवतं?

लॅब्राडोरचा प्रवाह उत्तरेकडून बर्फाळ पाणी घेऊन येतो, त्यामुळे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाभोवतीचा समुद्र वसंत ऋतूतही शून्य अंशाच्या आसपास रेंगाळत असतो, कधी त्याच्याही खाली. (मिठामुळे समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही.) आणि नेमक्या याच दिवसांत, ऊन वाढलं की डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांचं पीक येतं. स्वच्छ पाण्यावर हिरवट-तपकिरी झाक चढते.

हे पीक खाणारे दोघे. पहिले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे छोटे प्राणी. त्यांत बहुसंख्य असतात कोपेपॉड. हे झिंग्यांचे दूरचे भाऊबंद, आकाराने जेमतेम तांदळाच्या कणीएवढे. दुसरे दावेदार जीवाणू. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात ते दहा लाखांच्या घरात असतात. जीवाणूला डायटम गिळता येत नाही, पण त्यातून पाझरणारी साखर आणि प्रथिनं तो शोषून घेतो. मग त्या जीवाणूला चाबकासारखी शेपटी असलेले एकपेशीय जीव खातात, त्यांना केसाळ अंगाचे थोडे मोठे एकपेशीय जीव खातात आणि त्यांना कधीतरी कोपेपॉड. समुद्रसंशोधक फारुक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली अन्नाच्या या आडवाटेला ‘सूक्ष्मजीवांचं वलय’ असं नाव दिलं. वाट मोठी खर्चाची. प्रत्येक मुक्कामी बरंचसं अन्न श्वसनात जळून जातं आणि कोपेपॉडच्या वाट्याला चिमूटभर उरतं.

थोडक्यात, जीवाणू आधी जेवले तर कोपेपॉड उपाशी, आणि मग कोपेपॉडवर जगणारी माशांची पिल्लंही.

१९८६ मध्ये लॉरेन्स पोमरॉय आणि डॉन डायबेल या संशोधकांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पाहिलं, की एवढ्या थंड पाण्यात डायटम जोमाने वाढत असताना जीवाणू मात्र सुस्तावलेले असतात. त्यांना जाग येईपर्यंत पंगत बरीचशी उठलेली असते. थंड समुद्रांत मासळी एवढी का, याचं एक सुटसुटीत उत्तर त्यातून मिळत होतं.

जरा जास्तच सुटसुटीत. कारण थंडी म्हणजे जीवाणूंची झोप, असं सरसकट म्हणता येत नाही. आर्क्टिकच्या गाळात सापडलेल्या ‘कोल्वेलिया सायक्रेरिथ्रिया’ या जीवाणूचा एक वाण उणे १० अंशांनाही पोहताना दिसला आहे. अशा जीवाणूंच्या पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ थंडीत थिजत नाहीत आणि त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम, सैल, लवचीक घडणीची असतात.

मग न्यूफाउंडलंडचे जीवाणू सुस्त का? पोमरॉय यांनीच पुढे विल्यम वीब यांच्याबरोबर मांडलेला विचार मला जास्त पटतो. थंडीत पेशीपटल ताठरतं आणि बाहेरचं अन्न आत ओढणाऱ्या प्रथिनांची पकड ढिली पडते. पातळ पाण्यातला एखाददुसरा रेणू पकडणं जमत नाही. तोच जीवाणू दाट अन्नाजवळ नेऊन सोडा, त्याच थंडीत तो बऱ्यापैकी वाढतो. हा विचार सगळ्या थंड समुद्रांना सारखाच लागू पडतो असं नाही, त्यावर वाद झाले. पण तो मान्य केला की पुढचा प्रश्न आपसूक येतो: थंड समुद्रात दाट अन्न असतं कुठे?

बरंचसं प्राणिप्लवकांच्या आजूबाजूलाच, किंवा आतच.

कोपेपॉडचं जेवणं काही नीटनेटकं नसतं. डायटमचं काचेसारखं कवच तो फोडतो तेव्हा आतला रस पाण्यात सांडतो. त्याच्या विष्ठेच्या गोळ्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेल्या असतात. आत अर्धवट पचलेलं अन्न आणि जीवाणू दोन्ही. अंड्यातून निघाल्यापासून प्रौढ होईपर्यंत तो ११ वेळा कात टाकतो. ही कात कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची असते, आणि ‘व्हिब्रिओ’ कुळातल्या जीवाणूंना कायटिन पचतं. तसं नसतं तर समुद्राच्या तळाशी कायटिनचे थरावर थर साचले असते.

पोटात तर वेगळंच जग आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘कॅलॅनस’ या उत्तरेकडच्या कोपेपॉडच्या आतड्यात केसासारखे बारीक संवेदक घालून मोजमाप केलं गेलं. प्राणी काही मिलिमीटरचा, आतडं त्याहून कितीतरी अरुंद. हे काम करणाऱ्यांच्या हाताला दाद द्यावी लागते. बाहेरच्या समुद्राचा पीएच ८ च्या आसपास असतो, आत तो ५.४ पर्यंत उतरलेला, म्हणजे आंबट, आढळला. आतड्याच्या मधल्या भागात तर ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. प्राणवायूने भरलेल्या थंड समुद्रात या चालत्याफिरत्या बंद खोल्या आहेत. ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही अशा जीवाणूंनाही तिथे जागा मिळते. सहसा ऑक्सिजन नसलेल्या जागी बनणारा मिथेन समुद्राच्या वरच्या थरात येतो कुठून, या जुन्या कोड्याच्या उत्तरांत या आतड्यांचंही नाव घेतलं जातं.

जीवाणूंना घर देणाऱ्यांत कोपेपॉड एकटा नाही. न्यूफाउंडलंडच्याच पाण्यात ‘ऑइकोप्ल्युरा’ नावाचा बेडकाच्या पिल्लासारखा दिसणारा पारदर्शक जीव आहे. तो स्वतःभोवती श्लेष्माचं, म्हणजे चिकट शेंबडासारख्या पदार्थाचं, घर फुगवतो आणि आत बसून शेपटी हलवत राहतो. पाणी आत खेचलं जातं, घरातल्या चाळणीतून गाळलं जातं, आणि ही चाळणी इतकी बारीक की जीवाणूही अडकतात. मधले सगळे दलाल वगळून जीवाणू थेट प्राण्याच्या पोटात! चाळणी तुंबली की स्वारी घर सोडून बाहेर पडते आणि दुसरं फुगवते. टाकून दिलेलं घर हळूहळू खाली जातं, आणि ज्यांना खाण्यासाठी ते बांधलं होतं तेच जीवाणू आता ते खायला लागतात. तिथले मच्छीमार आपल्या जाळ्यांना चिकटणाऱ्या बुळबुळीत थराला ‘स्लब’ म्हणतात. त्यात अशा घरांचाही वाटा असतो.

जीवाणू आणि प्राणिप्लवकांच्या या जवळिकीचा एक पुरावा फार अनपेक्षित जागी सापडला. ब्रिटिश समुद्रजीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी १९२०च्या दशकात एक यंत्र बनवलं होतं. जहाजामागे ओढत न्यायचं, आत रेशमी जाळीची गुंडाळी हळूहळू सरकत राहते, प्लवक तिच्यावर अडकतात आणि फॉर्मॅलिनमध्ये टिकून राहतात. उत्तर अटलांटिकमध्ये असे नमुने वर्षानुवर्षं गोळा होत राहिले, तेही प्लवक मोजण्यासाठी. जीवाणू कोणाच्या डोक्यातही नव्हते. २०१६ मध्ये संशोधकांनी १९५८ ते २०११ या काळातले नमुने काढून त्यांतला डीएनए तपासला. पाणी जसं तापत गेलं तसं त्यांत व्हिब्रिओंचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं.

रेशमाच्या जाळीचं छिद्र २७० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा. खरं तर त्याने सहज निसटून जायला हवं होतं. तो सापडला, कारण तो कोपेपॉडच्या अंगाला चिकटून आला होता.