शर्यतीत धोका फक्त चालकालाच?

'जोखीम चालकाची, बाकीचे जाळीमागे सुरक्षित' हा समज जुना आहे आणि चुकीचाही. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँ इथल्या मोटार शर्यतीत मर्सिडीज गाडीचं इंजिन आणि इतर भाग सुटून गर्दीत घुसले. ८०हून अधिक प्रेक्षक दगावले. तो काळच वेगळा होता म्हणावं, तर २००० मध्ये मोंझाला आणि २००१ मध्ये मेलबर्नला गाडीच्या सुटलेल्या चाकाने एकेक मार्शल (ट्रॅकशेजारी सुरक्षेसाठी उभा असलेला कर्मचारी) गेला. तोवर फॉर्म्युला वनमध्ये चाकं सुटून उडू नयेत म्हणून ती गाडीला दोराने बांधणं सक्तीचं झालं होतं! पण दोर तुटतात. मेलबर्नला तर चाक कुंपणातल्या मोकळ्या फटीतूनच आरपार गेलं. आणि २०१३, माँट्रियल: शर्यत संपलेली, तरी बंद पडलेली गाडी नेणाऱ्या क्रेनखाली सापडून मार्शल दगावला. तिथे वेगाचा संबंधच नव्हता.