कमप्रॉड आलं कुठून?

घणसोलीत भाड्याने राहताना हे गणित आपोआप पाठ होतं. भाडं १८,०००. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक आधी ५ टक्के वाढवतो, पुढच्या वेळी १०, त्यापुढे ८. टक्क्यांची नुसती बेरीज धरली तर २३ टक्के, म्हणजे २२,१४०. हातात पडतात ते आकडे मात्र १८,९००, मग २०,७९०, मग २२,४५३. यासाठी १.०५, १.१० आणि १.०८ एकामागून एक गुणत जायचं आणि वाटेतलं प्रत्येक उत्तर राखून ठेवायचं. मॅटलॅब, आर, ज्युलिया या गणिताच्या प्रोग्रॅमिंग भाषा आणि पायथन भाषेची नमपाय ही लायब्ररी, सगळीकडे या कामाचं नाव एकच आहे: कमप्रॉड, म्हणजे ‘क्युम्युलेटिव्ह प्रॉडक्ट’, चालता गुणाकार.

असं गुणत जाणं आपल्याला नवं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) एक प्रश्न आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू वगैरे दहा वस्तू अदलाबदल करून दिल्या, तर मूर्तीचे प्रकार किती? एकापासून दहापर्यंत गुणत जा: ३६,२८,८००. त्याच उदाहरणात चार हातांच्या हरीचाही प्रश्न आहे, त्याचं उत्तर २४. म्हणजे शंकराकडे जाताना चौथ्या पायरीवर हरी भेटतोच.

कॉम्प्युटरच्या बाजूने खरी गंमत केली केनेथ आयव्हर्सन यांनी. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी गणितासाठी एक चिन्हलिपी रचली, १९६२ साली ती पुस्तकरूपात आली आणि पुढे आयबीएममध्ये तिची एपीएल ही भाषा झाली. तिच्यात उलट्या तिरप्या रेघेचा अर्थ एवढाच: डावीकडे जी क्रिया असेल ती पायरीपायरीने करत जा. अधिक ठेवलं तर चालती बेरीज, गुणिले ठेवलं तर चालता गुणाकार, आणि ‘दोघांत मोठा कोण’ हे चिन्ह ठेवलं तर ठाण्याच्या रोजच्या पावसात त्या-त्या दिवसापर्यंतचा उच्चांक. क्रिया वेगळी, चाल वेगळी. १९७९चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. माझ्या मते ही एक रेघसुद्धा पुरेशी होती.

क्लीव्ह मोलर यांचं मॅटलॅब सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिकोत जन्मलं, विद्यार्थ्यांना फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा न लिहिता मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांची, गणितं करता यावीत म्हणून. पुढे त्यात बेरजेला कमसम आणि गुणाकाराला कमप्रॉड अशी दोन सुटी नावं आली. सोपं झालं, पण रेघेतली युक्ती हरवली. पायथनवाल्यांना ती पुन्हा सापडली: नमपायमध्ये ‘अक्युम्युलेट’ कुठल्याही क्रियेमागे लावता येतं. मूळ पायथनचं अक्युम्युलेट आधी फक्त बेरीज करायचं, २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून त्याला हवी ती क्रिया देता येऊ लागली.

मॅटलॅबवरून नमपायकडे येणारा एकदा तरी ठेचकाळतो. मॅटलॅबचं कमप्रॉड मॅट्रिक्सच्या उभ्या रकान्यांतून खाली जातं. नमपायला दिशा सांगितली नाही, तर ते अख्खा मॅट्रिक्स एका ओळीत उलगडून गुणत सुटतं. आणि मध्ये कुठे शून्य आलं, की पुढे दोन्हीकडे शून्यच शून्य.

मला त्याहून वाईट अनुभव नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये आला. एक ते पंचवीस आकड्यांवर नमपायचं कमप्रॉड चालवलं. तेराव्या जागी हवे होते ६,२२,७०,२०,८००. पडद्यावर आले १,९३,२०,५३,५०४. एरर नाही, इशारा नाही, वर आकडा अगदी सभ्य दिसणारा. विंडोजवर नमपायचा पूर्णांक तेव्हा मुळात ३२ बिटांचा धरला जायचा; उत्तर तेवढ्या जागेत मावलं नाही, की वरचा भाग गळून भलताच आकडा उरतो. २०२४च्या २.० आवृत्तीपासून तो ६४ बिटांचा झाला. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर तो आधीच ६४ बिटांचा होता, तिथे विसावं उत्तर बरोबर निघालं आणि एकविसावं थेट वजा. निदान वजाकडे डोळा तरी जातो. मग यादी १ ऐवजी १.० पासून, म्हणजे दशांश आकड्यांनी, सुरू केली आणि लांबवत नेली. शेवटचे आकडे अंदाजे झाले, पण गाडी १७०पर्यंत धकली. १७१ला ‘अनंत’ छापून आलं.